एकट्याने दार वाजवायचं नसतं

"अजूनही माशाचं डोकंच आधी खातेस?"

मी केंकीचं, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडलेल्या गोळ्याचं, पान सोडून पहिलाच घास घेतला होता. भर दुपार, आमच्या अनोमाबो गावाचा चौक, समुद्रावरचा खारट वारा आणि मागून हा आवाज. सोळा वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी वळले नाही. आधी घास नीट चावून गिळला, बोटं चाटली आणि मग वळले... आणि गिळलेला घास परत वर येतो की काय असं झालं.

एबो दाद्झी!

तोच उंच बांबू. पुढच्या दोन दातांमधली तीच फट. बुटांवर लाल मातीचा थर, काखेत कापडाची पिशवी आणि तोंडभर हसू.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

"कामाने आलोय."

"कसलं काम?"

"अगं अराबा, आधी 'कसा आहेस' तरी म्हण!"

"ते नंतर. कसलं काम?"

माझा एक नियम आहे. शाळेतलं माणूस खूप वर्षांनी भेटून "किती वर्षांनी गं!" म्हणालं, की मी आधी त्याच्या पिशवीकडे बघते. एकदा बाकावरची मैत्रीण गळ्यात पडून रडली आणि दुसरा पेला पाणी पिता पिता तिने विम्याचे कागद काढले. दुसरी आली ती बारीक होण्याचा चहा घेऊन. तो डबा अजून माझ्या कपाटात आहे, उंदीरसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला लांबून ओळखता येतात.

आणि हा तर आधीच एकदा खाऊन पळालेला!

शेवटच्या वर्षाची गोष्ट. आमची शाळा केप कोस्टच्या टेकडीवर. वसतिगृहात प्रत्येकाची लाकडी खाऊची पेटी असायची आणि पेट्यांची खोली शनिवारी उघडायची. माझ्या पेटीत आईने केलेली शितो असे. सुक्या कोलंबीची, काळी, झणझणीत चटणी. खोलीचं दार उघडलं की एबो माझ्या पेटीपाशी हजर. शर्टाच्या खिशात चमचा. "फक्त चव बघतो," म्हणायचा आणि अर्धी बरणी चव बघायचा. त्याला पुरावी म्हणून मी गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, कोरडाच खायचे. मला तो आवडायचा. आवडायचा म्हणजे... सोमवार उजाडला की मी शनिवार मोजायला लागायचे.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी तो फाटकाशी म्हणाला, "शनिवारी येतो घरी." शनिवार आला. तो आला नाही. चिठ्ठी नाही, निरोप नाही. आणि वर्गात एक म्हण तयार झाली — 'शितो संपली, एबो संपला.' निकालाच्या दिवशी ती मला तीनदा ऐकायला लागली. तेव्हापासून शाळेच्या एकाही मेळाव्याला मी गेले नाही.

"डिसेंबरात आपल्या वर्गाचा मेळावा आहे," एबो सांगत होता. "सगळ्यांना एकाच कापडाचे कपडे. मला शर्ट शिवून हवाय."

पिशवीतून त्याने गडद निळं कापड काढलं. त्यावर पांढरे शिंपले छापलेले.

"अनोमाबोत सतरा शिंपी आहेत," मी म्हणाले.

"पण माझं माप..."

"तुझं माप मी कधी घेतलेलंच नाही."

"तेच तर म्हणतोय. आता घे."

कान तापले माझे. मला स्वतःचाच राग आला. चौतिसाव्या वर्षी कान तापायचं काय कारण?

गिऱ्हाईक म्हणून मी त्याला माझ्या शिवणाच्या दुकानात घेतलं. बाकी काही नाही. फीत खांद्यावरून टाकली, छातीवरून फिरवली. श्वास रोखून उभा होता.

"श्वास घे. असा फुगून राहिलास तर शर्ट तंबू होईल."

"तू जवळ आलीस की विसरायला होतं गं."

"बाही चोवीस," मी जरा जास्तच मोठ्याने म्हणाले आणि खडूने पाटीवर लिहिलं. "करतोस काय हल्ली?"

"मोजणी. सर्व्हेअर आहे मी. तू माणसं मोजतेस, मी जमीन मोजतो."

मनात पाल चुकचुकली. जमीन! किनाऱ्यालगत बाबांची नारळाची पट्टी आहे. चाळीस झाडं आणि समोर समुद्र. दोन हॉटेलवाले जिनची बाटली घेऊन येऊन गेले होते. आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर काही मागायला जाताना बाटली न्यावीच लागते. बाबांनी दोन्ही बाटल्या परत केल्या होत्या.

"बाबा कसे आहेत?" एबोने अगदी सहज विचारलं. फारच सहज. "अजून होडीवर जातात?"

"मंगळवार सोडून रोज."

"हो, मंगळवारी समुद्राचा आराम. म्हणजे मंगळवारी घरीच असतात ना? दिवसभर?"

"तुला काय करायचंय?"

"काही नाही... खिसा जरा खोल ठेव हं."

"कशाला?"

"असू दे."

खोल खिसा, जमिनीची मोजणी, बाबांचा मंगळवार. पाणी मुरत होतं, कुठे ते मात्र दिसत नव्हतं.

शर्ट शिवून दिला. चौथ्या दिवशी स्वारी हजर — बटण तुटलं. लावून दिलं. तीन दिवसांनी पुन्हा. या वेळी काखेतली शिवण गेली म्हणे. मी शर्ट उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिले. सोळा वर्षं मशीनवर काढली आहेत मी. उसवलेल्या दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं. ही टोकं नीट कापलेली होती.

"एबो, ही शिवण उसवलेली नाही. ब्लेडने कापली आहे."

"ते... मासा साफ करताना लागलं असेल."

"मासा काखेत धरून साफ करतोस?"

मग एवढा मोठा माणूस टाचा जुळवून उभा राहिला, मास्तरांसमोर उभा राहायचा तसा.

"मला परत यायचं होतं," तो म्हणाला. "कारण सापडेना. मग केलं एक."

मशीनचं चाक माझ्या हातात तसंच थांबलं. बाहेर कुणीतरी कोंबड्या हाकत होतं. मी सुईत दोरा ओवायला घेतला. दोनदा चुकला. त्याने हळूच माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली. त्याच्या बोटांना धूळ आणि पेन्सिलचा वास होता. वाटलं, जाऊ दे. संशयाचं हे गाठोडं एकदाचं खाली ठेवावं...

तेवढ्यात टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. निरोप समोरच उघडा होता. एवुरामाचा. शाळेतली आमची मुलींची प्रमुख, जिच्या आवाजाने घंटा आपोआप वाजायची ती.

'मंगळवारी म्हातारा नक्की घरी असतो ना? बाटली मी घेते. अराबाला कळू देऊ नकोस.'

मी शिवण घातली. गाठ मारली. दोरा दातांनी तोडला.

"घे. आता फाटला तर दुसरीकडे जा."

"काय झालं? अराबा..."

"दुकान बंद करायचंय."

तो गेला. रस्त्याच्या वळणावर दोनदा मागे वळून बघितलंन. मी कात्रीला तेल देत बसले. डोळ्यांत पाणी आलं ते तेलामुळे नव्हतं, हे इथे मान्य करते. पुन्हा तेच! तेव्हा शितोसाठी, आता नारळांसाठी. आणि मूर्ख बाई मी, दोन्ही वेळा चमचा मीच हातात दिला.

घरी आत्याला सांगितलं. मानसा आत्या, बाबांची मोठी बहीण. आई गेल्यापासून घर तिच्याच आवाजावर चालतं.

"मंगळवारी माणसं येणार आहेत. बाटली घेऊन."

"बाटली?" आत्याने हातातली पळी खाली ठेवली. "कसली? जिनची? किती माणसं? त्यात पुरुष किती?"

"आत्या, ते जमिनीसाठी येतायत! तो एबो सर्व्हेअर आहे."

"लग्न झालंय त्याचं?"

"मला काय माहीत?"

"मग एवढे दिवस त्याची छाती मोजत काय बसली होतीस?"

बाबा दारात जाळं विणत होते. ते एवढंच म्हणाले, "येऊ दे."

मंगळवार उजाडला. होड्या वाळूवर ओळीने पडलेल्या, किनारा चिडीचूप. आणि आमच्या बोळात निळ्या कपड्यांची मिरवणूक! पाच जण. पुढे एवुरामा, सगळ्यांच्या अंगावर शिंपल्यांचं तेच कापड. एबो शेवटी, माझ्या शर्टात. बाटलीही त्याच्याच हातात. मी पडद्यामागे उभी राहिले. हातात कात्री का होती, ते आता आठवत नाही.

रीतीप्रमाणे पाहुण्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन झाल्यावर आत्या म्हणाली, "आमच्याकडे सगळं क्षेम आहे. तुम्ही सांगा, कुठल्या कामाने पावलं इकडे वळली?"

एवुरामा उठली. तिने पदर सावरावा तसं खांद्यावरचं कापड सावरलं. घसा साफ केला.

"वडीलधाऱ्यांनो, आमचा एक मोती हरवला होता. सोळा वर्षं शोधत होतो. चालत चालत आलो तर तो तुमच्या घरात लखलखताना दिसला. तो मोती आमच्या हाती द्यावा, एवढं मागायला आलो आहोत." तिने खूण केली. एबो पुढे आला आणि बाबांच्या पायाशी बाटली ठेवली.

आत्याने दोन्ही हात वर केले आणि अशी आरोळी ठोकली की शेजारच्या तीन घरांची दारं एकदम उघडली. कुणीतरी गाणंसुद्धा धरलं.

मला राहवेना. पडदा बाजूला सारून मी बाहेर आले.

"जमीन विकायची नाही! एक नारळसुद्धा मिळणार नाही!"

"कुठली जमीन?" एवुरामाने विचारलं.

"कुठली जमीन?" आत्याही ओरडली. "अगं वेडे, तुला मागणी घालायला आलेत!"

"मागणी?" एवुरामाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "आम्ही... आम्ही अराबाला मेळाव्याला पाठवा म्हणून सांगायला आलो होतो."

गाणं मध्येच थांबलं. बोळातली माणसं उंबऱ्याशी दाटली.

"मग बाटली कशाला आणलीस?" आत्या कडाडली.

"म्हाताऱ्या माणसासमोर रिकाम्या हाताने कसं यायचं?"

"पाच माणसं, एका रंगाचे कपडे, मोती मागणारी बोलकी बाई, आणि बाटली ठेवतोय कोण, तर बिनलग्नाचा पुरुष! झालंय का रे तुझं लग्न?"

"नाही," एबो म्हणाला.

"बघा! याला आमच्याकडे दुसरं नाव नाही."

मी एबोसमोर जाऊन उभी राहिले. "हा तुझा डाव आहे?"

"शपथेवर सांगतो, नाही. तू मेळाव्याला यावंस म्हणून एवुरामाने ठरवलं. बाबांचा शब्द तुला मोडवणार नाही म्हणून." तो थांबला. कपाळावर घाम होता. "पण... चूक झाली असं मला म्हणवत नाही गं."

सगळा बोळ माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि मला काय दिसत होतं? मेळाव्यात हसणारी तोंडं. शितो संपली, एबो संपला, आता चुकून लग्न लागलं!

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं.

"हा पहिल्यांदा नाही आलेला," ते म्हणाले.

"काय?"

"तुमची परीक्षा संपली, त्या शनिवारी आला होता. अंगात शाळेचा शर्ट. हातात संत्र्याच्या सरबताची बाटली. म्हणाला, अराबाबद्दल रीतीने बोलायचं आहे. मी म्हटलं, तुझ्या बाजूने बोलणारा कोण? म्हणाला, मीच. मी म्हटलं, पोरा, एकट्याने दार वाजवायचं नसतं. माणसं घेऊन ये."

तो शनिवार मला पाठ होता. त्या दिवशी मी आईबरोबर बाजारात गेले होते. कोलंबी आणायला. ताजी शितो करायला. एबो येणार म्हणून.

"आणि ती बाटली?" आत्याने विचारलं.

"प्यालो. ऊन होतं."

"बाबा! मला सांगितलं का नाहीत?"

बाबा आपल्या हातांकडे बघत राहिले. "वाटलं, दुसऱ्या दिवशी येईल. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात. नंतर तू रागावलेली दिसलीस. रागावर माणूस उभं राहतं, वाट बघून वाळतं. म्हणून रागावू दिलं. चुकलंच माझं."

मी एबोकडे वळले. "मग माणसं घेऊन आला का नाहीस?"

"मामाकडे गेलो होतो. मामा हसला. म्हणाला, आधी मिशी येऊ दे. मग दूर उत्तरेला, तामालेला शिकायला गेलो, मग काम लागलं. नंतर वाटलं, तुला बाबांनी सांगितलंच असेल. तू मैत्रिणींना सांगून हसत असशील."

"मी हसत असेन? अरे, मला वाटायचं, तुम्ही सगळे मला हसताय!"

एवुरामाने मान खाली घातली. "शितोची ती म्हण... मी काढली होती. सोळा वर्षं तोंड दाखवायचा धीर झाला नाही. खरं तर त्याचीच माफी मागायला आले होते आज."

कुणी हसलं नाही. इतकी वर्षं ज्या हसण्याला घाबरून मी घरात बसले, ते हसणं त्या अंगणात कुठेच नव्हतं.

आत्याला मात्र बाटलीचा निकाल हवा होता. अशा वेळी मुलीला तीनदा विचारतात. ती अंगणाच्या मधोमध उभी राहिली.

"अराबा, ही बाटली ठेवायची की परत करायची?"

मी एबोच्या बुटांवरची लाल माती बघत राहिले.

"अराबा, दुसऱ्यांदा विचारते. ठेवायची की परत करायची?"

"तू इथे मोजतोयस काय?" मी एबोला विचारलं.

"सरकारी रस्ता. तुमची नारळाची झाडं त्यात येत नाहीत. मी बघितलं."

"म्हणजे बघितलंस!"

"बघितलं. त्यांना धक्का लागला असता तर तू मला समुद्रात लोटलं असतंस."

हसू आलं. दाबलं. तरी ओठांच्या कडेने सुटलंच असावं, कारण त्याच्या दातांमधली फट लगेच दिसली.

"अराबा, तिसऱ्यांदा विचारते."

"ठेवा," मी म्हणाले. बोळातून गलका उठला. मी हात वर केला. "पण उघडू नका! ही बाटली मेळाव्याच्या कामाची आहे. एका कामाची बाटली दुसऱ्या कामाला चालत नाही. त्याला खरंच काही मागायचं असेल तर पुढच्या मंगळवारी यावं, मामाला घेऊन. मामा अजून हसतो का, ते बघू."

"शिकवलेलं विसरली नाही पोरगी," बाबा म्हणाले.

तो आठवडा कसा गेला विचारू नका. बुधवारी वाटलं, येईल. गुरुवारी वाटलं, मामा मेलाबिला असेल तर? शुक्रवारी तो दिसला नाही तेव्हा खात्रीच पटली की तामालेला पळाला. शनिवारी मी एका बाईच्या झग्याला दोन उजव्या बाह्या लावल्या. सोमवारी ठरवलं, नाही आला तर मेळाव्याला मीच जायचं आणि सगळ्यांसमोर त्याला विचारायचं. आता मला कुणाच्या हसण्याची भीती नव्हती. भीती होती ती वेगळीच. तो न येण्याची. हे कबूल करायला मला सोळा वर्षं आणि सहा दिवस लागले.

मंगळवारी तांबडं फुटता फुटता दार वाजलं. अगदी हळू.

बाबा जागेच होते. आपल्या खुर्चीवर बसलेले, नवा झगा घालून. ते हलले नाहीत.

"बाबा, दार!"

"मला ऐकू आलं नाही."

"वाजलं की!"

"एकट्याचा हात वाटला," बाबा म्हणाले आणि डोळे मिटले.

मग दार पुन्हा वाजलं. या वेळी पुष्कळ हात होते. एक जाडा, एक किणकिणणाऱ्या बांगड्यांचा, एक काठीचा. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा पुढे, काखेत बाटली. त्याच्यामागे एबोची आई, दोन मावश्या, एवुरामा, आणखी कुणी कुणी. मी मोजले. सात.

एबो सगळ्यांच्या मागे उभा होता. रीतच आहे तशी, मागणाऱ्याने बोलायचं नसतं. अंगात निळा शर्ट. काखेतली शिवण शाबूत. आणि मी खोल ठेवलेल्या त्या खिशातून एक चमचा डोकं वर काढून बघत होता.

"मुलीने आत बसायचं!" आत्या मागून ओरडली. "अगं, दार तू नाही उघडायचंस!"

पण तोवर मी कडी काढली होती.